रिठे फोडायचे कुणी?

२०२४ च्या जुलैत आपल्या महाविद्यालयात पर्यावरणावर एक व्याख्यान झाले. बाहेर पावसाने धार धरली होती, तरीही सभागृहात गर्दी बरी होती. कारण तिसरा तास बुडणार होता. वक्ते खरोखर चांगले बोलले. धुण्याच्या पावडरी, त्यांतील रसायने, नदीवर तरंगणारा फेस असे सांगत सांगत त्यांनी पिशवीतून मूठभर रिठे काढले आणि टेबलावर ठेवले. आपल्या आज्या-पणज्या घरचे सारे कपडे या रिठ्यांनीच धूत असत, आपण ते विसरलो, आता पुन्हा रिठ्याकडे वळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाहेर पडताना दारात प्रत्येकाच्या हातावर पाच-पाच रिठ्यांची पुडी ठेवण्यात आली. बऱ्याच मुलांनी त्या रिठ्यांनी पोर्चमध्ये गोट्या खेळल्या, ते असो.

मी माझी पुडी घरी नेली. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. तिला मी व्याख्यानाचा सगळा सारांश सांगितला. सपोनिन म्हणजे काय तेही सांगितले, कारण ते मला त्याच दिवशी कळले होते आणि कुणाला तरी सांगायचे होते. तिने पुडी उलगडली, एक रिठा बोटांत धरून दाबून पाहिला आणि म्हणाली, "चांगलं असतंय की रिठं. पण फोडायचं कुणी?"

वक्त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायला पाहिजे होता, असे मला आता वाटते.

आजी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिला मी म्हटले, "आजी, तू पण रिठ्यानंच धुवायचीस ना कापडं?" तर ती हसायलाच लागली. "आमची लुगडी कुठली गं रिठ्यानं? आमाला राख. लईच झालं तर सोडा. न्हाईतर दगडावर आपटायचं नि नदीत खळबळायचं. रिठं मी फोडलं ते वाड्यातल्या बाईंच्या पैठणीसाठी." मग तिने सगळे सांगितले. वाड्यात लग्नसराई उरकली की पैठण्या, शालू, शेले बाहेर निघत. आदल्या रात्री आजी रिठे फोडून, बिया काढून, टरफले कोमट पाण्यात भिजत घाली. सकाळी ते पाणी कालवून, गाळून घमेल्यात घ्यायचे. त्यात रेशीम हलक्या हाताने बुडवायचे काम मात्र बाई स्वतः करीत. तेवढे आजीच्या हाताला देत नसत. म्हणजे रिठा आमच्या घराण्याला चांगला ठाऊक आहे, पण फोडण्यापुरता.

सगळ्याच गावांत असे होते असे मी म्हणत नाही. कोकणात, घाटमाथ्यावर जिथे झाड दारात असेल तिथे गरिबाच्या घरीही रिठा वापरला गेला असेल. पण 'आपल्या आज्या-पणज्या' असे सरसकट म्हणताना कुणाच्या आज्या आणि कुणाच्या पणज्या, एवढे तरी विचारावे.

आता रिठ्याबद्दल चार शब्द, कारण त्याच्यावर माझा मुळीच राग नाही; उलट माहिती काढत गेले तसे कौतुकच वाटत गेले. संस्कृतात याला अरिष्टक म्हणतात, आणि फेनिल म्हणजे फेसाळ असेही नाव आहे. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याच्या प्रजातीचे 'सॅपिंडस' हे नाव ग्रंथात नोंदवले, त्याचा अर्थ 'हिंदुस्थानचा साबण' असाच होतो. आपल्या दक्षिणेकडचा रिठा दोन-तीन फळे एकमेकांना चिकटल्यासारखा दिसतो. हिमालयाच्या पायथ्याकडून येणारा एकटा आणि गोल असतो. दुकानात दोन्ही मिळतात. आतली काळी कुळकुळीत बी धुण्याच्या कामाची नाही, गुण सगळा सालीत. त्या सालीतल्या सपोनिनच्या कणाची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी तेलकट मळाला. म्हणून मळ कापड सोडून पाण्यात येतो. साबण आणि पावडर हेच करतात. फरक एवढा, की पावडरीत सोडा असतो आणि तिचे पाणी चांगलेच क्षारयुक्त असते. रिठ्याचे पाणी किंचित आम्लाकडे झुकलेले असते. रेशीम आणि लोकर ही प्राण्यांपासून आलेली सूते, त्यांना क्षार सोसत नाही. म्हणून पैठणीला रिठा, काश्मीरच्या पश्मिन्याला रिठा. सराफाच्या पेढीवर वाटीतल्या ज्या पाण्यात बुडवून ब्रशाने दागिने घासतात, तेही बहुधा रिठ्याचेच असते.

आणखी एक गुण आमच्या आत्याच्या उपयोगाचा निघाला. आत्या जत तालुक्यात असते. तिच्याकडे बोअरचे जड पाणी. त्यात अंगाचा साबणसुद्धा फुटत नाही, बादलीच्या कडेला नुसती दह्यासारखी साय धरते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून त्याचा चोथा करतात म्हणून तसे होते. रिठ्याचा तसा चोथा होत नाही. आत्याला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग हे पैलंच का सांगितलं न्हाईस?" जणू काही मी रसायनशास्त्र जन्मतःच शिकून आले होते.

तर आईच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी ठरवले की फोडायचे मीच. जुलैच्या अखेरीपासून गणपतीपर्यंत आमच्या घरचे धुणे रिठ्यावर करून पाहिले. गल्लीतल्या दुकानात रिठ्याचा भाव आम्ही वापरतो त्या पावडरीच्या दुपटीहून जास्त होता, आणि घरी आणून बिया काढल्यावर जवळजवळ निम्मे वजन बियांतच गेले. हा हिशेब व्याख्यानात नव्हता. रोज रात्री पंधरा-सोळा रिठे बत्त्याने फोडायचे, साल भिजत घालायची, पहाटे आंघोळीच्या पाण्याशेजारी चुलीवर उकळायची, निवल्यावर कुसकरायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. रोजचा पाऊण तास. एकदम तीन दिवसांचे करून ठेवावे म्हटले तर तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटला आणि वर तवंग आला. पावसाळ्यात तर फारच लवकर. पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकले की 'नैसर्गिक' या शब्दात फार मोठे काम दडलेले असते आणि ते काम कुणीतरी करत असते.

कपड्यांचे काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगते. रोजच्या वापराचे रंगीत कपडे, साड्या, पोलके, चादरी अगदी व्यवस्थित निघाल्या. रंग तर पावडरीपेक्षा चांगले राहिले. फेस कमी येतो म्हणून आईचा आधी विश्वास बसेना. पण फेस हे स्वच्छतेचे माप नाही. काही धुण्याच्या यंत्रांसाठी तर मुद्दाम कमी फेसाची पावडर करतात. आपल्याला फेस बघायची सवय लागली आहे, एवढेच.

पांढऱ्याचे मात्र जमले नाही. धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याचा शाळेचा सदरा तीन आठवड्यांत दुधावरच्या सायीच्या रंगावर आला. त्याच्या बाईंनी विचारलेसुद्धा, "घरी कपडे धूत नाहीत का?" तो घरी येऊन माझ्यावर चिडला, आणि त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही. मग वाचनात आले की पावडरीत चमक आणणारी द्रव्ये असतात. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण ती शोषून घेतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात. सदरा अधिक स्वच्छ झालेला नसतो, अधिक पांढरा 'दिसत' असतो. पूर्वी नीळ देत तीही एक प्रकारे हीच युक्ती. पण गरिबाच्या पोराचा सदरा पांढराशुभ्र दिसणे ही काही चैन नाही. श्रीमंताच्या मुलाचा सदरा मळकट असला तर तो खेळून आला असे म्हणतात, आमचा असला तर आम्ही घाणेरडे ठरतो. तेव्हा सदरा आम्ही परत पावडरीत टाकला, आणि मला त्याचे काहीही वाईट वाटले नाही.

खरी गंमत अण्णांच्या कपड्यांची. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. हळदीची पोती उचलून त्यांचा सदरा, टॉवेल, बनियनच काय, मानेवरचा घामसुद्धा पिवळा असतो. पावडर लावली की ते पिवळे एकदम लालभडक होते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, त्यातलाच हा प्रकार. क्षार लागला की हळद लाल होते. आम्ही लहानपणी ते बघायला मोरीजवळ जमायचो. रिठ्याच्या पाण्यात तो सदरा लाल झाला नाही, पिवळाच राहिला, आणि पुष्कळसा पिवळाच बाहेर आला. आईला वाटले रिठा हरला. पण पावडरीनेही तो डाग निघतो कुठे? तो निघतो उन्हाने. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. त्या पावसात आठ-दहा दिवस ऊन नव्हते, तोवर रिठ्याचा सदरा आणि पावडरीचा टॉवेल दोरीवर सारखेच पिवळे लोंबत होते. ऑगस्टमध्ये दोन दिवस कडक ऊन पडले आणि दोन्ही सारखेच उतरले. इतकी वर्षे पावडर जो मान घेत होती तो सूर्याचा होता!

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते आईच्या हातांविषयी.

आईचे तळवे पाहिले तर त्यांवर पिठाची पुसट परत बसल्यासारखे दिसते. बोटांच्या पेरांना भेगा आहेत. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत कातडे पांढरे पडून सोलते, आणि मग जेवताना चटणीचा हात लागला की ती नुसता श्वास आत ओढते. रात्री खोबरेल लावून झोपते. हे मी जन्मापासून बघते आहे. मला ते तिच्या वयाचे वाटायचे. आमच्या घरच्या धुण्याला रिठा सुरू झाला, पण चार घरची पावडर चालूच होती, त्यामुळे हातांत फरक दिसेना. मधे ताप आला म्हणून ती आठ दिवस कामावर गेली नाही, घरचे तेवढे रिठ्यात धुतले. नवव्या दिवशी भाकरी थापताना ती सहज म्हणाली, "आग होत न्हाई गं." तोवर ते वयाचे नव्हते, पावडरीचे होते, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आले नव्हते.

आजार उतरल्यावर ती रिठ्याचे पाणी बाटलीत भरून कामावर घेऊन गेली. पहिल्या घरी बाई म्हणाल्या, "मावशी, हे कसलं पाणी? फेस कुठंय? आमचे कपडे खराब झाले तर?" दुसऱ्या घरी नुसते "नको" झाले. तिसऱ्या घरी यंत्र आहे. पण यंत्रात टाकण्याआधी कॉलर आणि बाह्या हाताने घासायच्या, मुलांचे गणवेश हातानेच धुवायचे, असा नियम आहे. यंत्राला पावडर मोजून चमच्याने घालतात, आईच्या बादलीत ती पुडा उपडा करून पडते. गंमत म्हणजे याच घरच्या न्हाणीघरात रिठा-शिकेकाईची महागडी बाटली आहे. ती केसांसाठी. चौथ्या घरी मात्र बाळाची दुपटी आणि आजींच्या लोकरी शाली यांना रिठा चालेल असे ठरले, आणि तेवढे अजून चालू आहे. त्या घरच्या बाईंनी रिठे स्वतः आणून दिले, एवढेच नव्हे तर फोडूनही ठेवले.

माझे म्हणणे असे आहे. धुण्याला काय वापरायचे हे जो विकत आणतो तो ठरवतो, आणि हात दुसऱ्याचे बुडतात. पुडा घेणारे हात आणि बादलीत बुडणारे हात एकाच माणसाचे असते, तर कोणती पावडर सौम्य, किती घालावी, रिठा कशाला लावावा, याचा विचार कधीच झाला असता. नदीचा विचार आपण करतो, तो केलाच पाहिजे. शेरीनाल्याचे पाणी कृष्णेला मिळते हा आमच्या सांगलीत वर्षानुवर्षे गाजलेला प्रश्न आहे, आणि त्या पाण्यात आमच्याही मोरीतले पाणी असते. पण नदीपर्यंत जाण्याआधी ते पाणी एका बाईच्या मनगटापर्यंत असते. व्याख्यानात नदी होती, मासे होते, मनगट नव्हते.

आणि माशांचे म्हणाल तर रिठा त्यांना निर्दोष नाही. सपोनिनने माशांचे कल्ले बिघडतात; डोहात रिठा कुटून टाकून मासे गुंगवून पकडण्याची रीत जुनी आहे. डोळ्यात रिठा गेल्यावर काय होते ते न्हाताना ज्याने भोगले त्याला सांगायला नको. झाडावर आले म्हणून निरुपद्रवी, हा भाबडेपणा आपण सोडावा.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. मी रिठा-रिठा करू लागले तेव्हा आई एकदा वैतागून म्हणाली, "पावडर आली म्हणून माझी कंबर राहिली. आजीची बघ." आजीची कंबर काटकोनात आहे. राखेने आणि दगडाने धुणे म्हणजे निम्मे काम आपटण्याचे. भारतात सर्फ १९५९ साली आला, पण तो आमच्यासारख्यांच्या घरात आला असे कुणी म्हणणार नाही. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरी पावडर तयार करून सायकलवरून विकायला सुरुवात केली, ती निरमा. तिच्या भावामुळे पावडर ही वस्तू आमच्या थराला पहिल्यांदा परवडली. भिजवा, चुबका, पिळा, आपटणे संपले. ज्या बाईने दगडावर धोतरे आपटली नाहीत तिने पावडरीला नावे ठेवताना थोडे जपून बोलावे, असे मला वाटते. 'जुने ते सोने' हे वाक्य बहुधा सोने असणाऱ्याने केलेले असावे.

तेव्हा सगळ्यांनी रिठ्याकडे वळावे, असे मी म्हणणार नाही. रेशमाला, लोकरीला, बाळाच्या कपड्यांना, रंगीत सुती कपड्यांना आणि जड पाण्याच्या गावाला रिठा वापरावा, तो तिथे खरोखर सरस आहे. पांढऱ्याला आणि वंगणाच्या डागाला पावडर असू द्यावी, पण चमच्याने मोजून. आणि दुसऱ्याच्या हातून धुऊन घेत असाल तर आधी त्या पाण्यात स्वतःचा हात मनगटापर्यंत पाच मिनिटे धरून पाहावा. रबरी हातमोजे साबणाच्या पुड्याबरोबर आणून द्यावेत. ते न मागता आणून देणारे घर आईला अजून भेटलेले नाही.

हे लिहिताना आपल्या वसतिगृहातल्या बंधूंची आठवण होते. शनिवारी दुपारी एस. टी. स्टँडवर जाऊन पाहावे. निम्म्या पिशव्यांत आठवड्याचे मळके कपडे असतात, ते आईकडे चाललेले असतात, आणि सोमवारी घडी घालून परत येतात. यांतलेच कितीतरी जण व्याख्यानाला टाळ्या वाजवत होते. मला हसण्याचा अधिकार नाही, कारण बारावीपर्यंत माझा गणवेश आईनेच धुतला. चार घरचे धुऊन आल्यावर, पाचवे म्हणून. मी अभ्यास करते म्हणून मला हात लावू देत नसे. माझ्या पदवीत तिच्या हातांच्या सालीचाही हिस्सा आहे, हे मला त्या आठ दिवसांपूर्वी सुचले नव्हते.

सध्या आमच्या घरी अशी व्यवस्था आहे. भाऊ स्वतःचा पांढरा सदरा रविवारी पावडरीत स्वतः धुतो, आणि दीड चमच्याच्या वर घेतली तर मी ओरडते. बाकीचे रिठ्यात, ते मी धुते. आईने घरच्या धुण्याच्या बादलीत हात घालायचा नाही. रिठे फोडायचे काम अण्णांनी आपणहून घेतले. यार्डातून आल्यावर चहा पिऊन ते उंबऱ्यात बसतात, बत्त्याचा एकच ठोका घालतात आणि साल अलगद निघते. माझ्यासारखी ती चेचत नाही. बिया ते एका डब्यात साठवतात. कशाला, ते विचारले तर सांगत नाहीत. आजी म्हणते, पावसाळ्याच्या तोंडाला गल्लीमागच्या मोकळ्या जागेत टाकून बघणार असतील.